टायटॅनिक सिनेमातला फर्स्ट ऑफिसर मर्डॉक: एका नावाचं प्रकरण

१९९७ च्या 'टायटॅनिक'मध्ये खरं किती आणि खोटं किती यावर गप्पा सुरू झाल्या की त्या हमखास, जहाज बुडाल्यावर नायिका रोझ ज्यावर तरंगत राहते त्या दारापाशी येऊन अडकतात, नायक जॅकही त्यावर मावला असता की नसता. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनला हा प्रश्न लोकांनी इतकी वर्षं विचारला की शेवटी २०२३ मध्ये त्याने गार पाण्यात माणसं उतरवून, हायपोथर्मियाचा तज्ज्ञ सोबत घेऊन त्याची रीतसर चाचणीच करून दाखवली. गंमत बघा, जॅक हा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता आणि त्याच्या मरणाची एवढी सायंटिफिक चौकशी झाली. त्याच सिनेमात एक माणूस असा आहे जो खरोखर होता, खरोखर त्या जहाजावर ड्युटीला होता, त्याच रात्री मेला, आणि सिनेमाने त्याच्यावर तीन आरोप ठेवले ज्यातला एकही आजवर सिद्ध झालेला नाही. विल्यम मर्डॉक, टायटॅनिकचा फर्स्ट ऑफिसर. त्याच्यापायी सिनेमा काढणाऱ्या स्टुडिओच्या मोठ्या साहेबाला स्कॉटलंडमधल्या जेमतेम चार हजार वस्तीच्या गावात जाऊन माफी मागावी लागली. ते प्रकरण इथे नीट, पहिल्यापासून मांडतो.

सिनेमात काय दिसतं

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. रोझचा होणारा नवरा कॅल, जहाज बुडणार हे कळल्यावर मर्डॉकला गाठतो, धंद्याची भाषा बोलतो आणि नोटांचं बंडल त्याच्या कोटाच्या खिशात सरकवतो. मर्डॉक तेव्हा काही बोलत नाही, पैसे खिशातच राहतात. पुढे अगदी शेवटच्या बोटीपाशी गर्दी उसळते, कॅल आपल्या सौद्याची आठवण करून देतो तेव्हा मर्डॉक तेच पैसे त्याच्या तोंडावर फेकतो, की तुझे पैसे तुलाही वाचवणार नाहीत आणि मलाही नाहीत. मग लोक पुढे घुसतात, मर्डॉक पिस्तूल चालवतो, एक जण पडतो आणि पाठोपाठ मागून ढकलला गेलेला टॉमी रायन, जॅकचा आयरिश दोस्त, तोही पडतो. आपण काय केलं हे मर्डॉकच्या चेहऱ्यावर दिसतं, तो एक सलाम ठोकतो आणि स्वतःच्या डोक्यात गोळी घालून घेतो.

ॲक्टिंग म्हणून सीन जबरदस्त आहे, इवन स्टुअर्टने काम फार चांगलं केलंय, तो स्वतःही स्कॉटिशच. आणि कॅमेरॉनला हा माणूस व्हिलन म्हणून दाखवायचा नव्हता हेही दिसतं, ओझ्याखाली मोडून पडलेला एक सज्जन ऑफिसर असा तो रोल आहे. पण हिशोब केला तर आरोप तीन उरतातच: लाच घेतली, प्रवाशाचा खून केला, आत्महत्या केली. आणि खाली आडनाव खरं, हुद्दा खरा.

खरा मर्डॉक कोण होता

जन्म १८७३ चा, गाव डॅलबीटी, स्कॉटलंडच्या नैऋत्येला गॅलोवे भागात. ग्रॅनाइटच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. घरात पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जाणारी माणसं, बापही कॅप्टन. विल्यम व्हाइट स्टार लाइन या टायटॅनिकवाल्या जहाज कंपनीत चढत चढत वर गेला, १९०७ मध्ये त्याने न्यूझीलंडच्या एडा बँक्सशी लग्न केलं. टायटॅनिकचं जुळं म्हणावं असं जे ऑलिम्पिक जहाज, त्यावरही तो होता, सप्टेंबर १९११ मध्ये ऑलिम्पिकची नेव्हीच्या हॉक या युद्धनौकेशी टक्कर झाली तेव्हाही. म्हणजे नवखा अजिबात नाही.

टायटॅनिकवर तो आधी चीफ ऑफिसर म्हणून आला होता. निघायच्या अगदी तोंडावर कंपनीने ऑलिम्पिकवरून हेन्री वाइल्डला चीफ म्हणून आणलं, त्यामुळे मर्डॉक एक पायरी खाली फर्स्ट ऑफिसर, लाइटोलर त्याच्या खाली सेकंड ऑफिसर, आणि आधीचा सेकंड ऑफिसर डेव्हिड ब्लेअर जहाजावरून उतरलाच. ब्लेअर ह्या फेरबदलामुळे वाचला असं म्हणायला हरकत नाही.

१४ एप्रिल १९१२, रात्री ११:४०, हिमनग दिसला तेव्हा ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, ड्युटी मर्डॉकचीच. त्याने दिलेला हुकूम सिनेमात आहे तो बरोबर आहे, स्टारबोर्डचा, म्हणजे उजवीकडचा, हुकूम आणि चाक फिरतं डावीकडे, हे बघून आजही लोक सिनेमाची चूक सापडली म्हणून खूश होतात. पण त्या काळी सुकाणूचे हुकूम जुन्या टिलरच्या, म्हणजे सुकाणूच्या दांड्याच्या, हिशोबाने द्यायचे, म्हणजे टिलर उजवीकडे गेला की जहाजाचं नाक डावीकडे. कॅमेरॉनने इतकं बारीक पाहिलेलं आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतरचे जवळपास अडीच तास मर्डॉकने काय केलं हे साक्षींवरून बऱ्यापैकी कळतं. उजव्या बाजूच्या लाइफबोटी त्याच्याकडे होत्या, डाव्या बाजूला लाइटोलर. कॅप्टनचा हुकूम एकच होता, बायका आणि मुलं, पण दोघांनी तो वेगवेगळा घेतला. लाइटोलरने घेतला 'फक्त' असा, जागा रिकामी राहिली तरी चालेल पण बाप्या माणूस चढणार नाही. मर्डॉकने घेतला 'आधी' असा, म्हणजे जवळपास बायकामुलं दिसत नसतील तर पुरुषांना बसू दिलं. त्या रात्री जे पुरुष वाचले त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा जीव फक्त एवढ्यामुळे वाचला की ते डेकच्या मर्डॉकवाल्या बाजूला उभे होते. थर्ड ऑफिसर पिटमनने चौकशीत सांगितलं की मर्डॉकने त्याला पाच नंबरच्या बोटीत बसून जायला सांगितलं आणि हात मिळवून निरोप दिला, गुड बाय, गुड लक. पिटमन वाचला.

सगळंच कौतुकाचं आहे असंही नाही. एक नंबरची बोट, चाळीस जणांची, मर्डॉकने बारा जणांना घेऊन सोडली, पाच प्रवासी आणि सात खलाशी. प्रवाशांत सर कॉस्मो डफ गॉर्डन आणि त्यांची बायको होती. सर कॉस्मोंनी बोटीतल्या खलाशांना प्रत्येकी पाच पौंड दिले, आणि लंडनमध्ये त्यावरून प्रचंड बोभाटा झाला, की हे पैसे लोकांना वाचवायला मागे न फिरण्यासाठी होते का. लॉर्ड मर्सींच्या ब्रिटिश सरकारी चौकशीने लाचेचा आरोप फेटाळला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय कारण टायटॅनिकच्या सगळ्या दप्तरात लाइफबोट आणि पैसे यांचा एकत्र उल्लेख येणारी मोठी भानगड हीच, आणि तिच्यातही पैसे घेतल्याचा ठपका मर्डॉकवर कुणी ठेवलेला नाही.

आता पुरावा

इथे थोडा वेळ काढावा लागेल, कारण वादात दोन्ही बाजूचे लोक पुरावा आपल्याला हवा तेवढाच सांगतात.

आधी गोळीबार. त्या रात्री पिस्तुलं बाहेर निघाली होती हे नक्की. फिफ्थ ऑफिसर लो याने स्वतः कबूल केलं की चौदा नंबरची बोट खाली जाताना त्याने जहाजाच्या कडेने गोळ्या झाडल्या, लोकांनी वरून उड्या मारू नयेत म्हणून. पर्सर, म्हणजे जहाजाचा हिशोब बघणारा, मॅकएलरॉय याने हवेत गोळ्या झाडल्याचं जॅक थेयर या तरुण प्रवाशाने सांगितलंय. ह्यू वूलनर नावाच्या प्रवाशाने अमेरिकन सिनेटच्या चौकशीत सांगितलं की उजव्या बाजूच्या एका कोलॅप्सिबल बोटीपाशी त्याला पिस्तुलाचे दोन जाळ दिसले आणि मर्डॉक लोकांना बाजूला व्हा म्हणून ओरडत होता. कोलॅप्सिबल म्हणजे कॅनव्हासच्या बाजू उभ्या करून वापरायच्या बोटी, जहाजावर अशा चार होत्या. पण हे सगळे धाक दाखवायचे बार, कुणी मेल्याची भाषा यात नाही.

माणूस मेल्याचं सांगणारे महत्त्वाचे साक्षीदार दोन. एक यूजीन डेली, थर्ड क्लासचा आयरिश प्रवासी, आयर्लंडचा किनारा सुटताना डेकवर पाइप वाजवणारा म्हणून तो टायटॅनिकवाल्यांना माहीत असतो. त्याने पत्रात लिहिलं की एका ऑफिसरने दोन माणसांना गोळ्या घातल्या, मग आणखी एक बार ऐकू आला आणि तो ऑफिसर स्वतःच डेकवर पडलेला दिसला. त्याने स्वतःला गोळी घातली असं लोक म्हणाले, पण मी ते करताना पाहिलं नाही, हेही डेलीने स्वतःच लिहिलंय. प्रामाणिक माणूस. दुसरा जॉर्ज र्‍हाइम्स, फर्स्ट क्लासचा, त्याने चारच दिवसांनी बायकोला फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं, त्यात ऑफिसरने एकाला मारलं, निरोप घेतला, मिलिटरीसारखा सलाम केला आणि डोक्यात गोळी घालून घेतली असं आहे. सिनेमातला सलाम इथूनच उचलला असणार.

एक फर्स्ट क्लासचा, एक थर्ड क्लासचा, दोघांची ओळख असण्याचं काही कारण नाही, भाषा वेगळी, आणि गोष्ट बरीचशी जुळते. त्यामुळे 'असं काही झालंच नाही' हे छातीठोकपणे म्हणणंही मला पटत नाही, काहीतरी झालं असावं असंच वाटतं. पण दोघांनीही नाव घेतलेलं नाही. 'एक ऑफिसर', बस. या दोघांना १९१२ च्या दोन्ही सरकारी चौकशांमध्ये साक्षीला बोलावलंच नाही, त्यामुळे कुणी उलटतपासणी करून टोपी कशी होती, कोटावर पट्ट्या किती होत्या, असं काही विचारलं नाही. बहुतेक अभ्यासक ही जागा कोलॅप्सिबल ए च्या आसपासची मानतात, जहाजाचा पुढचा भाग पाण्याखाली जात असताना. तिथे मर्डॉक होता हे खरं, पण सिक्स्थ ऑफिसर मूडीही होता, चीफ ऑफिसर वाइल्ड शेवटी नेमका कुठे होता याचा धड पत्ता लागत नाही, आणि यातला कुणीच वाचला नाही. मर्डॉक, वाइल्ड, मूडी, एकाचंही प्रेत मिळालेलं नाही. संशयित म्हणून मर्डॉकचं नाव वर येतं ते एवढ्यावरच, की ती बाजू त्याची होती, आणि धडक झाली तेव्हा ड्युटीवर तोच होता म्हणजे अपराधी वाटण्याचं कारण त्यालाच जास्त. याला पुरावा म्हणत नाहीत, अंदाज म्हणतात. न्यूयॉर्कच्या पेपरांनी १९१२ च्या एप्रिलमध्येच हा अंदाज बातमी म्हणून छापला, वाचलेल्यांना घेऊन कार्पेथिया जहाज धक्क्याला लागलं तेव्हा तर जो जे सांगेल ते छापत होते, कुठे मर्डॉकने गोळी घातली, कुठे खुद्द कॅप्टन स्मिथने.

आता मर्डॉकच्या बाजूचा पुरावा. लाइटोलरने एप्रिल १९१२ मध्येच मर्डॉकच्या विधवेला पत्र लिहिलं, आणि त्यावर वाचलेल्या चारही ऑफिसरांच्या सह्या आहेत: लाइटोलर, पिटमन, बॉक्सहॉल, लो. पेपरात येतंय ते खोटं आहे, मर्डॉकला शेवटचं पाहिलेल्यांपैकी मी एक आहे, तो शेवटपर्यंत उजव्या बाजूची बोट सोडायच्या खटपटीत होता, कर्तव्य करत गेला, असा त्याचा मतलब. डॅलबीटीच्या लोकांसाठी हे पत्र म्हणजे शेवटचा शब्द.

पण सह्यांकडे जरा बघा. पिटमन पाच नंबरच्या बोटीतून कधीच गेला होता, बॉक्सहॉल दोन नंबरमधून, लो चौदामधून. म्हणजे चारातले तीन जण त्या क्षणी जहाजावर नव्हतेच, त्यांची सही ही साक्ष नाही, बाईंना दिलेला आधार आहे. उरला लाइटोलर, तो डेकच्या वर ऑफिसरांच्या केबिनच्या छतावर दुसऱ्या कोलॅप्सिबलशी झटत होता, त्याने मर्डॉकला पाहिलं आणि थोड्याच वेळात पाणी आलं. अगदी शेवटच्या मिनिटाबद्दल तोही किती सांगू शकतो? शिवाय सोबत्याच्या विधवेला पत्र लिहिताना कुठला माणूस दुसरं काही लिहील. म्हणून हे पत्र मी फेकून देत नाही, लाइटोलर घटनेच्या सगळ्यात जवळचा ओळखीचा माणूस होता, पण त्याने खटला निकाली निघत नाही.

तर ताळेबंद असा. कुणीतरी ऑफिसरने गोळी घातली, याला दोन बऱ्यापैकी साक्षी. तो मर्डॉक होता, याला अंदाज आणि पेपरातल्या अफवा. आणि मर्डॉकने पैसे घेतले, याला शून्य. अफवासुद्धा नाही. कॅल हेच पात्र कल्पित, त्याच्या खिशातले पैसे कल्पित, सौदा कल्पित, फक्त पैसे घेणारा खरा. सगळी चर्चा पिस्तुलाच्या सीनवर होते कारण तो अंगावर येतो, पण माझ्या मते जास्त वाईट काम लाचेच्या सीनने केलंय. गोळीबाराबाबत कॅमेरॉनच्या हातात निदान र्‍हाइम्सचं पत्र होतं, लाचेबाबत फक्त पटकथेची गरज होती, कॅलला शेवटपर्यंत जहाजावर फिरता ठेवायला त्याच्याकडे बोटीत जागा 'बुक' असणं आवश्यक होतं, इतकंच.

डॅलबीटीने काय केलं

गावाच्या टाउन हॉलवर मर्डॉकच्या नावाचा फलक आहे, १९१२ नंतर वर्गणी काढून शाळेत त्याच्या नावाचं बक्षीसही सुरू केलेलं. म्हणजे विल्यम मर्डॉक हा तिथे पुस्तकातला माणूस नव्हता, शाळेच्या गॅदरिंगला दर वर्षी ज्याचं नाव पुकारलं जातं तो माणूस होता. त्याचा सख्खा पुतण्या १९९८ मध्ये हयात होता, ऐंशीच्या घरात. सिनेमा आला आणि जगभर धो धो चालला, एक अब्ज डॉलरच्या वर कमावणारा पहिला सिनेमा ठरला, अकरा ऑस्कर घेतले, आणि या गावातल्या लोकांनी थिएटरात जाऊन पाहिलं काय तर आपला माणूस नोटा खिशात घालतोय आणि आयरिश पोराला गोळी घालतोय.

कोर्टात जायचा रस्ता त्यांना नव्हता. ब्रिटनमध्ये मेलेल्या माणसाची कायद्याने बदनामी होऊच शकत नाही, दावा करायला तो माणूस जिवंत लागतो. आपल्याकडे कायदा थोडा वेगळा आहे, जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४९९ कलमात आणि आता न्याय संहितेच्या ३५६ मध्येही स्पष्टीकरण आहे की मृत व्यक्तीवर केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, जर तो जिवंत असता तर त्याच्या लौकिकाला धक्का लागला असता आणि त्याच्या घरच्यांना दुखावायचा हेतू असेल तर. त्यातही हेतू सिद्ध करायला लागतोच, कॅमेरॉनवर तो सिद्ध झाला नसता. ऐतिहासिक सिनेमावर वंशज उभे राहतात, निवेदनं देतात, हे मराठी माणसाला काही नवीन सांगायला नको. डॅलबीटीवाल्यांनीही तेच केलं, पण शांतपणे आणि चिकाटीने: पत्रं, पेपरवाले, पुतण्याच्या मुलाखती, आणि पुन्हा पुन्हा तेच लाइटोलरचं पत्र पुढे करणं.

एप्रिल १९९८ मध्ये ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सचे एक्झिक्युटिव्ह व्हाइस प्रेसिडेंट स्कॉट नीसन स्वतः गावात आले. पुतण्याची आणि गावाची माफी मागितली, शाळेला मर्डॉक बक्षिसाच्या फंडासाठी पाच हजार पौंडांचा चेक दिला. सिनेमात मात्र काही बदल केला नाही. ना सीन कापला, ना शेवटी एक ओळीची पाटी टाकली की याला पुरावा नाही.

यावर दोन मतं ऐकू येतात. एक, की एवढ्या मोठ्या स्टुडिओने छोट्या गावात माणूस पाठवला हेच खूप, हॉलिवूडमध्ये असं कुठे होतं. खरं आहे, आणि नीसननी ते फोनवर उरकलं नाही हेही खरं. दुसरं मत, की अब्ज डॉलर कमावून पाच हजार पौंड म्हणजे चेष्टा आहे. मला रकमेचं तेवढं वाटत नाही, गावाने पैसे मागितलेच नव्हते. मला खटकतं ते असं की माफी डॅलबीटीत मागितली गेली आणि सीन जगभर चालू राहिला. माफीची बातमी वाचणारे किती आणि सिनेमा बघणारे किती. सिनेमाची ताकद काय असते ते बघायचं असेल तर कॅनडात हॅलिफॅक्सच्या फेअरव्ह्यू लॉन स्मशानभूमीत २२७ नंबरची कबर आहे, दगडावर 'जे. डॉसन' लिहिलंय, तो डब्लिनचा जोसेफ डॉसन, जहाजाच्या पोटात कोळसा सारखा करणारा ट्रिमर. सिनेमानंतर लोक तिथे लिओनार्दोचा जॅक समजून फुलं आणि सिनेमाची तिकिटं ठेवायला लागले. त्या बिचाऱ्याचं निदान कौतुक तरी झालं.

बाकी इतकं अचूक असताना

हाच सिनेमा एरवी भयंकर काटेकोर आहे, म्हणून हे जास्त बोचतं. कॅमेरॉन १९९५ मध्ये स्वतः रशियन मीर पाणबुड्यांतून बारा वेळा अवशेषांपर्यंत उतरला. मेक्सिकोत रोसारितोला समुद्राकाठी जवळजवळ पूर्ण आकाराचं जहाज उभं केलं, पण पूर्ण बाजू एकच, उजवी. साउदॅम्प्टनच्या धक्क्याला तर जहाज डाव्या बाजूने लागलं होतं. मग काय केलं, सगळं उलटं शूट केलं, पाट्यांवरची अक्षरं उलटी रंगवली, कपड्यांवरची अक्षरंसुद्धा, आणि नंतर फिल्म आरशासारखी फिरवली. कुणी विचारलं नसतं, डावी का उजवी कुणाला कळणार होतं, तरी केलं. टायटॅनिकचे नावाजलेले अभ्यासक डॉन लिंच आणि चित्रकार केन मार्शल सल्लागार म्हणून सेटवर होते.

थोडं मागे जाऊन १९५८ चा ब्रिटिश सिनेमा 'अ नाइट टू रिमेंबर' शेजारी ठेवू. त्यात जहाज अख्खंच्या अख्खं बुडतं, दोन तुकडे होत नाहीत, आजच्या हिशोबाने ढळढळीत चूक. पण तेव्हा ब्रिटिश चौकशीचा निष्कर्षच तसा होता, अवशेष सापडले १९८५ मध्ये आणि तेव्हा तुकडे झाल्याचं पक्कं झालं. म्हणजे त्यांनी उपलब्ध कागद पाळले आणि चुकले, याला मी दोष देणार नाही. त्या सिनेमाचा सल्लागार फोर्थ ऑफिसर बॉक्सहॉल स्वतः होता, तोच ज्याची मर्डॉकच्या विधवेला लिहिलेल्या पत्रावर सही आहे. आणि ज्यांच्यावर ठपका होता त्यातलेही काही जिवंत होते. जवळच थांबलेल्या पण मदतीला न आलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा कॅप्टन स्टॅन्ली लॉर्ड त्या सिनेमात आरामात झोपलेला दिसतो, आणि तेव्हा रिटायर झालेला खरा लॉर्ड उठून सरळ आपल्या संघटनेकडे गेला की माझी बाजू मांडा. पुढे तो वाद इतका चालला की १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या अपघात शाखेने त्यावर पुन्हा अहवाल काढला. लॉर्डची बाजू बरोबर की चूक हा भाग वेगळा, पण त्याला निदान तोंड होतं. १९९७ पर्यंत जहाजावरचे सगळे ऑफिसर मेलेले, सिनेमावाल्यांना जाब विचारायला कुणी उरलेलं नव्हतं, सोडून एक म्हातारा पुतण्या.

पुढे काय झालं

कॅमेरॉनने नंतर हे मान्य केलं, आणि गुळमुळीत नाही, बऱ्यापैकी सरळ. एका ठरावीक नावाच्या माणसाला, मर्डॉकला, ते करताना दाखवणं बहुधा चूक होती, आपण तेव्हा गोष्ट सांगणाऱ्याच्या भूमिकेत होतो, इतिहासकाराच्या नाही, आणि घरच्यांना काय वाटेल याचा तेवढा विचार केला नाही, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. नाव नसलेला कुणी ऑफिसर दाखवता आला असता हे त्याचं त्यालाच कळलेलं आहे.

आणि हे खरंच किती सोपं होतं. डेली आणि र्‍हाइम्सने दिलंय तेवढंच दाखवायचं: अंधार, गर्दी, पाणी चढतंय, टोपी घातलेला एक ऑफिसर, पाठमोरा, दोन बार, मग एक. कोण होता ते जॅकला कळत नाही, आपल्यालाही नाही. साक्षीशी इमान राहिलं असतं आणि सीन कदाचित जास्त हादरवणारा झाला असता. लाचेसाठी तर डोकं चालवायचीही गरज नव्हती, कॅल कल्पित आहे तर त्याच्याकडून पैसे घेणारा एखादा कल्पित स्ट्युअर्ड घालायचा होता, जहाजावर शेकड्याने स्ट्युअर्ड होते.

२०१२ मध्ये बुडाल्याला शंभर वर्षं झाली म्हणून सिनेमा थ्रीडीमध्ये पुन्हा लागला. त्याच्या आधी नील डिग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञाने कॅमेरॉनच्या मागे भुणभुण लावलेली की रोझ फळीवर पडून वर बघते तेव्हाचं आकाश चुकीचं आहे, १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे अटलांटिकच्या त्या जागेवरून असे तारे दिसणारच नाहीत. कॅमेरॉनने त्याच्याकडून बरोबर आकाश मागवलं आणि थ्रीडी आवृत्तीत तो शॉट बदलून टाकला. म्हणजे सिनेमा पंधरा वर्षांनी उघडला गेला, कॉम्प्युटरवर घेतला गेला, त्यात दुरुस्ती झाली, पैसे खर्च झाले. मर्डॉकचा सीन त्याच वेळी त्याच टेबलावर होता, कॅमेरॉनला चूक कळून काही वर्षं झालेली होती. लाचेचा शॉट जसाच्या तसा आहे, पिस्तुलाचाही. टीव्हीवर लागतो तेव्हा आणि ओटीटीवर आहे त्यातही मर्डॉक अजून पैसे घेतो.